धारकाला दिलेले वचन

धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक प्रवासग्रंथात उल्लेखिलेले आणि कापडाच्या व्यापारासाठी दूरवर ख्याती पावलेले हे नगर. येथील लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहनकालीन नाणी जतन करून ठेवलेली आहेत. शतकानुशतके मातीखाली राहिलेले असे एखादे नाणे अभ्यासकाला पुष्कळ काही सांगते. ते कोणाच्या राजवटीतले, कोणत्या धातूचे, झिजले किती, हे सारे त्यावरून कळते. परंतु ते कोणत्या विणकराच्या हाती पडले, त्याने ते धान्यासाठी खर्चिले की सावकाराला दिले, याविषयी नाणे संपूर्ण मौन पाळते. हे मौन कोणत्याही राजाने आज्ञापत्र काढून दिलेले नव्हते. तो धातूचाच गुण होता.

कागदी नोटेने हा गुण पुढे चालविला. शंभर रुपयांच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर जे वचन देतात ते ‘धारका’ला देतात. धारकाचे नाव, गाव, जात, धंदा यांची चौकशी त्या वचनात नाही. ज्याच्या हाती नोट तो धारक, आणि त्याला शंभर रुपये देणे लागते, एवढाच तो करार. या एका शब्दात सामान्य नागरिकाचे केवढे स्वातंत्र्य सामावलेले आहे याचा विचार करण्याची वेळ आजवर आली नव्हती. ती आता आली आहे.

१ फेब्रुवारी २०२२ रोजी अर्थसंकल्प मांडताना अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी डिजिटल रुपयाची घोषणा केली. त्याच वर्षीच्या वित्त अधिनियमाने रिझर्व्ह बँक कायद्यातील नोटेची व्याख्या रुंदावून तीत डिजिटल स्वरूपाचा समावेश केला. १ डिसेंबर २०२२ पासून मुंबई, नवी दिल्ली, बंगळूर आणि भुवनेश्वर या शहरांत चार बँकांमार्फत सामान्य ग्राहकांसाठी ई-रुपयाचा प्रयोग सुरू झाला. मार्च २०२५ अखेर त्यात सतरा बँका आणि सुमारे साठ लाख ग्राहक सामील झाले होते आणि चलनातील ई-रुपया एक हजार कोटींच्या थोडा पुढे गेला होता. त्याच सुमारास चलनातील कागदी नोटांचे मूल्य छत्तीस लाख कोटी रुपयांहून अधिक होते. ई-रुपयाचे रोपटे अद्याप लहान आहे. त्याला वळण लावावयाचे असेल तर ते याच अवस्थेत लावता येईल.

हाली, कलदार आणि ई-रुपया

चलनबदल हा या जिल्ह्याला नवा अनुभव नाही. निजामाच्या राजवटीत येथे हाली सिक्का चाले, तर शेजारच्या बार्शीत इंग्रजी मुलखाचा कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार हा हिशेब व्यवहारात पडलेल्या माणसाला पाठ असे. १९१८ मध्ये हैदराबाद संस्थानाने स्वतःच्या कागदी नोटा काढल्या. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबाद स्टेट बँकेकडे त्या चलनाची व्यवस्था आली. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५० पासून भारतीय रुपया हाली रुपयाच्या जोडीने चालू लागला आणि १९५९ मध्ये हाली रुपया इतिहासजमा झाला. ती बँकही १९५६ मध्ये स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विसर्जित झाली. राजा बदलला, मुद्रा बदलली, बँक बदलली, अखेर जिल्ह्याचे नावही बदलले. मात्र या साऱ्या स्थित्यंतरांत एक गोष्ट अबाधित राहिली. बाजारात रुपया टाकणाऱ्याला आपले नाव सांगावे लागले नाही.

ई-रुपया नेमक्या याच ठिकाणी वेगळा पडतो. तो नोटेसारखाच रिझर्व्ह बँकेचे थेट देणे आहे, नोटांच्याच मूल्यांत तो निघतो आणि त्यावर व्याज मिळत नाही. परंतु तो राहतो बँकेने दिलेल्या मोबाईलमधील पाकिटात, आणि ते पाकीट ग्राहकाच्या क्रमांकाशी व ओळखीशी जोडलेले असते. नोट ही वस्तू आहे. ई-रुपया ही नोंद आहे. वस्तू हातातून गेली की माग राहत नाही. नोंद मुद्दाम पुसल्याखेरीज मागे राहतेच.

रिझर्व्ह बँकेला या अडचणीची जाणीव नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या संकल्पना-टिपणात छोट्या व्यवहारांना रोखीसारखीच वाजवी अनामिकता असावी असे स्पष्ट म्हटले आहे. तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास यांनीही २०२४ मध्ये, अनामिकतेचा प्रश्न कायद्याने किंवा तंत्राने, उदाहरणार्थ व्यवहाराच्या नोंदी कायमच्या पुसून, सोडविता येईल असे सांगितले होते. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु टिपणातील सदिच्छा आणि कायद्यातील हक्क यांत अंतर असते, आणि ते अंतर कोणाला भोवते हे या प्रदेशाच्या इतिहासाने दाखवून दिलेले आहे.

वहीची सत्ता

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली आणि दख्खनच्या दंग्यांना प्रारंभ झाला. त्या दंग्यांत मनुष्यहानीपेक्षा अधिक लक्षणीय ठरली ती कर्जरोख्यांची आणि हिशेबाच्या कागदपत्रांची होळी. निरक्षर कुणब्याला ती वही वाचता येत नव्हती. तिच्यात काय लिहावे हे त्याच्या हाती नव्हते. आणि तरीही त्याची जमीन, बैल व घर त्या वहीच्या एका ओळीवर अवलंबून होते. एकाने लिहावे, दुसऱ्याने भोगावे, अशी ती व्यवस्था होती. म्हणूनच १८७९ च्या डेक्कन शेतकरी साहाय्य कायद्याने कर्जदार शेतकऱ्याला पावती मागण्याचा, हिशेबाचा उतारा मिळविण्याचा आणि खातेपुस्तक लिहून घेण्याचा अधिकार दिला. ज्याचा हिशेब, त्याला तो दिसला पाहिजे, हे तत्त्व परकीय सरकारलाही दंग्यानंतर का होईना, मान्य करावे लागले.

वही सावकाराच्या गादीवरून बँकेच्या टेबलावर आली म्हणून तिची सत्ता संपली नाही. २०१६ च्या नोटाबंदीच्या दिवसांत याच जिल्ह्यातील एका सहकारी बँकेने थकबाकीदार शेतकऱ्यांना धाडलेल्या पत्रांचा वृत्तान्त पत्रकार पी. साईनाथ यांनी प्रसिद्ध केला होता. कर्ज न फेडल्यास दारासमोर तंबू ठोकून बसू, बँड वाजवू, अशी त्या पत्रांची भाषा होती. बड्या थकबाकीदारांना असा धाक घातला गेला नव्हता, हेही त्यांनी नोंदविले. कर्जाची माहिती ही बँकेकडे विश्वासाने ठेवलेली गोष्ट होती. तिचे शस्त्र झाले, आणि ते दुबळ्यावर उगारले गेले.

यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. माहिती गोळा करणाऱ्याचा हेतू आज चांगला असेल. पण माहिती टिकते आणि हेतू बदलतात. गादीवरची माणसेही बदलतात.

डब्यातील पैसे

खासगीपणा हे शहरी सुशिक्षितांचे चोचले आहेत, असा एक समज आढळतो. धाराशिव जिल्ह्यातील कोणत्याही आठवडी बाजारात तासभर उभे राहिले तरी तो दूर व्हावा. खुरपणीची मजुरी घेऊन आलेली स्त्री त्यातील काही रक्कम घरी सांगत नाही. ती डाळीच्या डब्यात जाते आणि मुलीच्या शाळेसाठी किंवा दवाखान्यासाठी नेमक्या वेळी बाहेर येते. नवऱ्याच्या व्यसनापासून संसार वाचविणारी ही राखीव गंगाजळी कोणत्याही खतावणीत नसते, म्हणूनच ती सुरक्षित असते. पुष्कळ घरांत मोबाईल एकच आणि तो पुरुषाच्या खिशात. मजुरी उद्या त्या मोबाईलमधील पाकिटात जमा झाली तर तिच्यावर सरकारची नजर पडेल की नाही हा पुढचा प्रश्न. घरातली नजर मात्र त्याच क्षणी पडेल.

हीच गोष्ट ऊसतोड मजुराची. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेऊन कोयत्याची जोडी घर सोडते तेव्हा तिच्या जवळ काय आहे आणि काय नाही हे मुकादमाला न कळणे, हीच त्या जोडीची घासाघीस करण्याची शक्ती असते. ‘मोबाईल दाखव’ या दोन शब्दांत ती शक्ती संपू शकते. सत्ता केवळ दिल्ली-मुंबईत वसत नाही. ती गावातही असते आणि तिला नोंदी वाचण्याची तितकीच हौस असते.

तुळजापूरला देवीच्या दानपेटीत टाकलेले गुप्तदान हाही याच परंपरेतील व्यवहार. देणाऱ्याचे नाव राहू नये यातच त्या दानाचे पुण्य मानले गेले. कोणी कोणत्या देवस्थानाला, कोणत्या संघटनेला, कोणत्या संपाच्या निधीला पाच रुपये दिले, हे ज्याच्या नोंदवहीत असेल त्याला त्या माणसाची श्रद्धा आणि मते दोन्ही ठाऊक होतात. खर्चाची यादी ही माणसाची रोजनिशीच असते.

याच्याच पुढची पायरी म्हणजे पैशाला हेतूची वेसण घालणे. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ई-रुपयात ‘प्रोग्रामेबल’ म्हणजे अटी घालता येण्याजोग्या व्यवहारांची सोय करण्याचे जाहीर केले. ओडिशा व आंध्र प्रदेशात भारतीय स्टेट बँकेने कुळाने शेती करणाऱ्यांना केवळ बी-बियाणे व खते यांसाठीच वापरता येईल असा ई-रुपया देण्याचा प्रयोग केला. ज्याच्या नावे सातबारा नाही त्याला यामुळे कर्ज मिळत असेल तर ते स्वागतार्हच होय. परंतु हेतूचे बंधन पाळले जाते की नाही हे पाहावयाचे तर प्रत्येक खर्च पाहावा लागतो. बंधनाच्या पोटी पाळत येते. दुष्काळी वर्षात पीककर्जातील काही रक्कम आईच्या शस्त्रक्रियेला लावणारा शेतकरी नियमभंग करतो हे खरे. पण त्याची ती सोय संपूर्ण बंद करणारा पैसा हा पैसा राहत नाही, तो शिधापत्रिकेवरील कूपन होतो. कर्जापुरती ही अट समजण्यासारखी आहे. मजुरी आणि निवृत्तिवेतन यांच्यापर्यंत ती पोहोचता कामा नये.

काही आक्षेप

या विवेचनावर घेतले जाणारे आक्षेप दुर्लक्षून चालणार नाही. पहिला आक्षेप असा की, अनामिक पैसा म्हणजे काळा पैसा. येथे विद्यमान कायद्याकडेच बोट दाखविता येते. ठरावीक मर्यादेहून अधिक रोख बँकेत भरावयाची तर पॅन क्रमांक द्यावा लागतो. दोन लाख रुपये वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास २०१७ पासून मनाई आहे. याचा अर्थ, मोठी रोख कायद्याच्या नजरेत यावी आणि छोटी रोख माणसाची स्वतःची असावी, अशी रेषा देशाने पूर्वीच आखलेली आहे. तीच रेषा ई-रुपयाला लावा, एवढीच मागणी आहे. शिवाय नोटाबंदीत बाद झालेल्या नोटांपैकी नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक बँकांत परत आल्या, हे रिझर्व्ह बँकेनेच सांगितले आहे. काळा पैसा भाजीवालीच्या गल्ल्यात दडलेला नसतो, हे त्या प्रयोगाने पुरेशा किमतीत शिकविले.

दुसरा आक्षेप असा की, यूपीआयने चहाचे पैसे देणाऱ्यांनी खासगीपणाची चिंता का वाहावी? हा आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. परंतु यूपीआय वापरणाऱ्याच्या खिशात आज नोटेचा पर्याय शिल्लक आहे. कोणता व्यवहार दाखवावा आणि कोणता झाकावा हे तो स्वतः ठरवितो. नोटेची जागा घेऊ पाहणाऱ्या चलनातच नोंद भिनलेली असेल तर ही निवड उरत नाही. नायजेरियाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ई-नायरा आणला, आणि पुढे २०२३ च्या आरंभी नोटा बदलण्याच्या मोहिमेत तेथे रोखीचा तीव्र तुटवडा होऊन लोक रस्त्यावर आले. पर्याय कागदावर असणे आणि हातात असणे यांतील फरक तेथील जनतेलाही कळला.

तिसरा मुद्दा ई-रुपयाच्या बाजूचा आहे आणि तो वजनदार आहे. बँक बुडाली तरी ई-रुपया बुडत नाही, कारण तो रिझर्व्ह बँकेचे देणे आहे. जानेवारी २०२१ मध्ये येथील वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला, तेव्हा ठेवीदारांना विम्याच्या पैशांकडे डोळे लावावे लागले. अशा जिल्ह्यात या सुरक्षिततेचे मोल कोणी कमी लेखू नये. इंटरनेटविना चालणारा ई-रुपया रेंज नसलेल्या वाडीवस्तीवर उपयोगी पडेल, हेही खरे. म्हणूनच प्रश्न ई-रुपया हवा की नको असा नाही. सुरक्षितता हवी असेल तर खासगीपणा सोडा, हा सौदा नागरिकापुढे का ठेवला जावा, असा आहे.

तसा सौदा तंत्राच्या दृष्टीनेही अटळ नाही. डेव्हिड चॉम या अमेरिकन संशोधकाने १९८० च्या दशकाच्या आरंभीच ‘आंधळ्या सही’ची कल्पना मांडली. कार्बन कागद घातलेल्या बंद लिफाफ्यावर अधिकाऱ्याने बाहेरून सही करावी आणि ती आतल्या, त्याला न दिसणाऱ्या कागदावर उमटावी, तशी ही युक्ती. नोट परत आल्यावर बँकेला आपली सही ओळखता येते, पण ती कोणाला दिली होती हे कळत नाही. कारकुनी केलेल्या कोणालाही समजेल अशी ही गोष्ट संगणकाला चाळीस वर्षांपासून साधते आहे. युरोपीय मध्यवर्ती बँकेने डिजिटल युरोविषयी लोकमत मागविले तेव्हा, २०२१ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, ४३ टक्के उत्तरांत खासगीपणाला सर्वांत वरचे स्थान मिळाले होते. अडचण तंत्राची नाही, निश्चयाची आहे.

वचन कायद्यात हवे

२०२२ च्या दुरुस्तीने नोटांची मूल्ये, त्यांचे स्वरूप, फाटक्या वा हरवलेल्या नोटा इत्यादींविषयीची जुनी कलमे डिजिटल नोटेला लागू नाहीत असे म्हटले. धारकाच्या खासगीपणाविषयी ती मूक आहे. कागदी नोटेच्या बाबतीत हे मौन चालून गेले, कारण कागदच रखवालदार होता. डिजिटल नोटेला तसा रखवालदार नाही. तो कायद्यानेच नेमावयास हवा.

त्याला घटनात्मक पाया तयार आहे. बँकेच्या स्वाधीन केलेल्या कागदपत्रांवरील नागरिकाचा खासगीपणा संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कॅनरा बँक खटल्यात २००४ मध्येच म्हटले होते. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निर्णयात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले. त्यावर घाला घालावयाचा तर कायद्याचा आधार, न्याय्य उद्देश आणि प्रमाणबद्धता या कसोट्या लागतील असे ठरले. आणीबाणीतील जबलपूर निर्णयाचा डागही त्याच निकालाने पुसला. मात्र २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात केंद्र सरकार ज्या शासकीय यंत्रणांना अधिसूचनेने वगळील त्यांना मोकळीक आहे. एका अधिसूचनेने निघणारे कुलूप हे कुलूप नव्हे. नोटाबंदीच्या खटल्यात २ जानेवारी २०२३ रोजी अल्पमताचा निर्णय देताना न्यायमूर्ती नागरत्ना यांनी एवढा मोठा निर्णय अधिसूचनेने नव्हे, संसदेच्या कायद्याने व्हावयास हवा होता असे म्हटले. चलनाचा स्वभाव बदलताना तो इशारा आठवावा.

मग कायद्यात काय असावे? एका ठरावीक मर्यादेखालील देवघेवीची नोंद नावानिशी ठेवलीच जाऊ नये. जी ठेवावी लागेल ती मुदतीनंतर पुसली जावी. त्या मर्यादेवरील नोंद पाहावयाची तर न्यायिक आदेश असावा. आपली नोंद कोणी, केव्हा आणि कशासाठी पाहिली हे धारकाला कालांतराने तरी कळावे. १८७९ मध्ये कुणब्याला दिलेला खातेपुस्तकाचा अधिकार आजच्या नागरिकाला नाकारण्याचे कारण नाही. मजुरी, निवृत्तिवेतन आणि शासकीय साहाय्य यांना खर्चाच्या अटी जोडण्यास मनाई असावी. आणि रोख रक्कम मागणाऱ्याला ती मिळत राहील अशी हमी असावी. यांतील एकही गोष्ट राज्यकारभार अडविणारी नाही.

चलनाचे प्रश्न तज्ज्ञांवर सोपवून मोकळे होण्याची सवय शिक्षकांना, कारकुनांना आणि विद्यार्थ्यांनाही जडलेली आहे. पण ई-रुपया अजून लहान आहे तोवरच संसदेला आणि खासदारांना हे विचारता येईल. तो लाखो कोटींचा झाल्यावर नोंदी अगोदरच साठलेल्या असतील. हाली रुपया गेला तेव्हा मराठवाड्यातील माणसाला एवढेच विचारावे लागले होते की, सातांच्या बदल्यात किती मिळणार? या वेळी रुपयाला रुपया पुरता मिळेल. त्याच्याबरोबर हातातून आणखी काय जाणार, हे मात्र त्याने स्वतः होऊन विचारावयास हवे.